बस म्हणेपर्यंत

या घरात सुट्टी पक्षी मोजल्याशिवाय सुरू होत नसे. बॅगा उघडायच्या नाहीत, गाद्या घालायच्या नाहीत, पोरांनी पाण्यात पाय बुडवायचा नाही. आधी सगळ्यांनी बांधावर जायचं, दहा प्रकारचे पक्षी बघायचे, वहीत लिहायचे, मग काय ते. हा कायदा थोरल्या भावाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत धाकटीला, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोला, हे शुद्ध खूळ वाटलं होतं. चार तास गाडीत बसून अंग आंबलेलं, पोटात कावळे ओरडताहेत, आणि ही माणसं दुर्बीण गळ्यात अडकवून चिखलाकडे निघालेली! आता बारा वर्षांनी तीच दारात बॅग टेकवून, चप्पल न काढता, बाकीच्यांची वाट बघत उभी राहायची. सवय लागायला वेळ लागत नाही.

या वर्षीचं घर नेहमीचंच, पण आत दमट वास भरलेला. आकाश राखाडी, समुद्र राखाडी, ओहोटीने उघडा पडलेला चिखलसुद्धा राखाडी. सुट्टी काढून हेच बघायला आलो का, असं धाकटीच्या मनात आलं. पण भाऊजींचा उत्साह बघून ती काही बोलली नाही. भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर. गोदीतल्या सगळ्यात उंच क्रेनवर अठ्ठावीस वर्षं बसलेला माणूस. त्या उंचीवर सोबतीला पक्षीच, त्यामुळे पक्ष्यांचं वेड तिथेच लागलेलं. नजर अशी की गोदीत त्यांना सगळे 'घार' म्हणत, आणि साहेबांनासुद्धा कागदावर सही घेतानाच काय ते खरं नाव आठवे.

तिचा नवरा त्याच क्रेनखाली काम करायचा. वरच्या माणसाला उचललेल्या मालाच्या पेटीच्या खालचं काही दिसत नाही, म्हणून खाली एक जण वॉकीटॉकी घेऊन उभा असतो आणि वरच्याला सांगत राहतो: डावीकडे, उजवीकडे, खाली, हळू, बस. त्या आवाजावर तीस टनांची लोखंडी पेटी खाली येते. थोरल्याने धाकट्याला नोकरीला चिकटवलं, शिकवलं, आणि मग दुसऱ्या कुणाचा आवाज कानात घेतलाच नाही. दोघांचं गूळपीठ सगळ्या गोदीला ठाऊक होतं.

ती स्वतः पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या फोनवर होती. दिवसभर लोकांचं ऐकायचं. नळ आला नाही, पाइप फुटला, मीटर पळतोय. कोण खरं बोलतोय आणि कोण शेजाऱ्यावर उट्टं काढतोय हे तिला पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. भाऊजी तिला 'ऑपरेटरबाई' म्हणायचे. एका घरात दोन ऑपरेटर, मधल्याने बिचाऱ्याने फक्त ऐकायचं, असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसायचे.

तर पाची जणं बांधावर आली. भाऊजी, त्यांची बायको म्हणजे वहिनी, ती, नवरा, आणि वही-पेन्सिल घेतलेली तिची नऊ वर्षांची लेक. भाऊजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"डावीकडे दोन हात, दादा," नवरा म्हणाला. "थोडं खाली. अजून. हळू... बस."

"तुतारी," भाऊजी म्हणाले. "चार आहेत का पाच?"

"चार."

"चार. लिही गं."

पोरीने लिहिलं. धाकटीला हसू आलं. सुट्टीवर आला तरी मेल्याच्या तोंडातून गोदी काही जात नाही, असं तिने वहिनींच्या कानात सांगितलं आणि वहिनीपण हसल्या. दुसरा पक्षी तसाच, तिसरा तसाच. नवरा जागा सांगायचा, पक्षी केवढा, पाय कसे, चोच कशी हे सहज बोलल्यासारखं सांगायचा, आणि भाऊजी नाव घ्यायचे. पूर्वी हे उलटं असायचं. पूर्वी भाऊजी एकटेच धडाधडा नावं घेत सुटायचे आणि बाकीच्यांना पक्षी सापडेपर्यंत पुढच्यावर गेलेले असायचे. नवरा तर वैतागून दुर्बीण ठेवून द्यायचा. या बदलाची गंमत वाटायच्या ऐवजी पाचव्या पक्ष्याला तिचे कान टवकारले. नवऱ्याचा आवाज सहज नव्हता. त्यात ताण होता. फोनवर एखादा माणूस शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला कळू न देता बोलतो ना, तसा तो आवाज होता.

नववा पक्षी पोरीने शोधला. "काका, तो बघा, खांबावर, काळा!" तिने बोट दाखवलं. भाऊजींनी दुर्बीण भलतीकडेच, पार होड्यांच्या बाजूला नेली.

"उजवीकडे आठ, दादा. वर तीन. बस," नवरा घाईघाईने म्हणाला. "मोठा आहे. पंख पसरून बसलाय."

"मग पाणकावळा. पंख वाळवतोय बघा लेकाचा. काय ऐटीत उभा आहे!"

खांब रिकामा होता. भाऊजींची दुर्बीण तिथे पोचायच्या आतच पक्षी उडून पाण्यावरून निघून गेला होता. सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

"पण काका, तो तर उडाला," पोर म्हणाली.

"तू लिही मुकाट्याने," नवरा तिच्यावर खेकसला. लेकीवर आवाज चढवायची त्याची पद्धत नव्हती. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग नवरा भाऊजींना म्हणाला, "हो दादा, पंख वाळवतोय."

 तो 'हो' धाकटीने फोनवर हजारदा ऐकलेला होता. माणूस न विचारताही 'हो हो, पाणी येतंय' म्हणतो आणि पाणी आलेलं नसतं, तो हा 'हो'. दहावा पक्षी काही मिळेना. वारा सुटला, वहिनींचे गुडघे धरले, आणि राहिलेला एक संध्याकाळच्या भरतीला बघू असं भाऊजींनीच ठरवलं. कायद्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सूट मिळाली. बॅगा उघडायला परवानगी झाली.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो डब्यातून साखर, चहा, पावाची पाकिटं काढून फळीवर मांडत होता. बाहेरच्या खोलीत भाऊजी पोरीला कुठलीतरी गोष्ट सांगत होते. तिने दार लोटून घेतलं आणि भाऊजींना काय दिसतं ते विचारलं.

आधी त्याने उडवून लावलं. वय झालं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, तू आपली काहीही काढतेस. ती गप्प उभी राहिली. फोनवरही ती असंच करायची. समोरचा गप्पपणाला कंटाळून खरं बोलतो. नवऱ्याच्या हातातलं पाकीट थांबलं. मग त्याने सांगितलं. दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत मधोमध मळका डाग. कडेचं दिसतं, समोरचं नाही. चालताना, जिने चढताना कळत नाही कुणाला, पण माणसाचं तोंड दिसत नाही. पेटी दिसते, तिचा कोपरा दिसत नाही. गोदीच्या दवाखान्यात दरवर्षी डोळे तपासतात, पण तिथला अक्षरांचा तक्ता वीस वर्षं तोच आहे आणि दादाला तो वरून खाली पाठ आहे. वहिनींना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत.

"आणि वरून पेटी कशी सोडतात?" तिने विचारलं.

"मी बस म्हणेपर्यंत. अगं, मी असतो ना खाली."

"तू खाली असतोस म्हणूनच विचारतेय."

तो पुन्हा पावाची पाकिटं मांडू लागला. सरळ असलेली पाकिटं आणखी सरळ करू लागला. तिला एकदम थंडीतली गोष्ट आठवली. नवऱ्याच्या डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत काळंनिळं, बारा दिवस हात वर जात नव्हता, शिडीवरून घसरलो म्हणाला होता. रोज रात्री तिने शेक दिला होता आणि बघून चालता येत नाही का, म्हणून वर शिव्याही घातल्या होत्या. तिने फक्त त्याच्या खांद्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

वॉकीटॉकीची बॅटरी गेली होती. त्याने 'बस' म्हटलं ते वर पोचलंच नाही, आणि पेटी येत राहिली. दुसरा कुणी वर असता तर त्याला पेटीच्या कडेला उभा राहून हात हलवणारा माणूस दिसला असता. नवऱ्याने बाजूला उडी मारली, पण कोपऱ्याने खांद्याला धरलंच. मग पेटी जमिनीला टेकली. उतरल्यावर दादाने विचारलं, बस का नाही म्हणालास रे? हा म्हणाला, बॅटरी गेली. दादाने विचारलं, पण पेटी नीट बसली ना? हा म्हणाला, नीट बसली.

"म्हणजे भाऊजींना माहीतच नाही?"

"त्याला कळलं तर तो खलास होईल. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला ओरखडा आला नाही, हे तो मरताना पण सांगेल. वर बसणं हेच त्याचं आयुष्य आहे गं. खाली उतरवलंस तर तो जगणार नाही."

धाकटीला भयंकर राग आला. भाऊजींचा कमी आणि या माणसाचा जास्त. बाहेर पोर खिदळत होती, तिचा बाप अकरा महिने रोज एका आंधळ्या पेटीखाली उभा राहणार होता, आणि तो सांगत होता की भाऊ जगणार नाही. तू जगणार का, हे या घरात कुणी विचारायचं? तिने आवाज न चढवता सांगितलं की सुट्टी संपली की ती स्वतः गोदीच्या कचेरीत फोन करेल.  तो हाता-पाया पडू लागला. दादाला कुणीतरी परक्याने खाली उतरवलेलं त्याला बघवणार नव्हतं.

"मग त्यांना स्वतःला कळू दे," ती म्हणाली. "संध्याकाळी बांधावर एक अक्षर बोलायचं नाहीस. त्यांना जमलं तर मी आयुष्यात हा विषय काढणार नाही."

तो तयार झाला. खरंतर तो लगेच तयार झाला, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. त्याला खरोखरच आशा होती की दादा काहीतरी करून निभावेल.

दुपारी कुणी नीट झोपलं नाही. संध्याकाळी भरती सुरू झाली तशी पुन्हा सगळी निघाली. पाणी चिखलावर आत सरकत होतं आणि पक्षी मागे हटत हटत बांधाच्या जवळ येत होते. पोर शिंपले वेचायला पायऱ्या उतरून खाली पळाली. भाऊजी खुशीत होते. एकच राहिलाय, चुटकीसरशी काढतो, म्हणाले. त्यांनी दुर्बीण लावली.

"हं. बोल."

नवरा बोलला नाही. धाकटी त्याच्या बाजूला उभी होती. भाऊजींनी दुर्बीण थोडी डावीकडे नेली, मग उजवीकडे. पन्नास पावलांवर एक बगळा एका पायावर उभा होता, पांढराशुभ्र, पोरालाही दिसेल असा. दुर्बीण त्याच्यावरून दोनदा गेली.

"काय रे, दातखीळ बसली का?" भाऊजी हसत म्हणाले. "बोल की."

लांब कुठेतरी कुरव ओरडला. भाऊजींनी तिकडे दुर्बीण वळवली, हा बघा कुरव, म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले की तो तर सकाळीच झाला. पुन्हा दुर्बीण फिरली. वारा होता, पाण्याचा आवाज होता, बाकी काही नाही. नवऱ्याचे ओठ हलले. धाकटीने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. आपण हे काय करतोय, हे एखाद्या माणसाला भर बाजारात उघडं करण्यासारखं आहे, असं तिला वाटत होतं. आणि तरी तिने मनगट सोडलं नाही.

भाऊजींनी दुर्बीण खाली घेतली. मान जरा तिरकी करून ते इकडेतिकडे बघू लागले. नवरा त्यांच्या समोर होता, हात लांब केला असता तर लागला असता इतका समोर.

"कुठे आहेस रे?" भाऊजींनी विचारलं.

वहिनींना वाटलं, धाकट्यासारखीच भाऊजीही चेष्टा करताहेत. त्या हसल्या. मग दिराच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू हळूहळू थांबलं. पुढे होऊन त्यांनी भाऊजींच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. भाऊजींनी तो हात धरून बाजूला केला, पण उशिराने, तोंडाला हाताचा वारा लागल्यावर.

"इथेच आहे, दादा," नवरा म्हणाला.

"मग गप्प का होतास?"

 भाऊजी मूर्ख नव्हते. ते म्हणाले, "ऑपरेटरबाई, हे तुमचं काम दिसतंय."

तिने हो म्हटलं. जमेल तितक्या सरळ शब्दांत तिने सांगितलं की हे खाली उभे असतात, घरी लेक आहे, मला भीती वाटते. भाऊजींनी ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. उलट तिची समजूत घालावी तसं म्हणाले की डोळ्यांचं म्हणता ते खरं आहे, सांगायला हवं होतं ते पण खरं, पण तुम्ही उगाच घाबरता. धाकटा जोवर बोलतोय तोवर मी चुकत नाही. "दोन वर्षं झाली अशी. कुणाला साधा ओरखडा नाही."

नवरा समुद्राकडे बघत होता. ती वाट बघत राहिली की हा आता तरी बोलेल. 

"थंडीत यांच्या खांद्याला लागलं ते तुमच्या पेटीने, भाऊजी," ती म्हणाली. "बॅटरी गेली होती तेव्हा."

 भाऊजींना ते समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की धाकटीला बघवेना. तो चेहरा इतरांना दिसतोय हेही त्यांना कळत नव्हतं.

"खरं का रे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पेटी नीट बसली म्हणालास तू."

"बसली होती, दादा. नीटच बसली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू खाली उतरला असतास."

"मग उतरलो असतो की," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "त्याच दिवशी उतरलो असतो. तुला काय वाटलं, तुझ्या अंगावर पेटी टाकून मी वर बसेन? अरे, मी दोन वर्षं वर होतो ते एवढ्याचसाठी की धोका असता तर तू सांगितलं असतंस. तू सांगत नव्हतास म्हणून मी समजत होतो, ठीक चाललंय."

नवरा रडू लागला. मोठा, दाढीचे केस पांढरे झालेला माणूस, तोंड हातात घेऊन रडू लागला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी भाऊजी त्याच्याजवळ गेले असते. आज ते जागचे हलले नाहीत. सुट्टी संपली की सोमवारी क्रेनवर चढायचं नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ते सगळ्यांना कळलं होतं. धाकटीला हवं होतं ते झालं होतं. नवरा वाचला होता. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही वाटत नव्हतं.

अंधारून येऊ लागलं. पोर खालून हाका मारत होती, ओटी शिंपल्यांनी भरल्याचं सांगत होती. तिच्याकडे जायचं तर बांधाच्या ओल्या दगडी पायऱ्या उतरायला हव्या होत्या. भाऊजी कडेपर्यंत आले आणि थांबले; अंधारात त्यांना कडेचंही दिसेना. नवऱ्याने डोळे पुसले, पुढे झाला, आणि सवयीने म्हणाला, "दादा, पुढे एक पाऊल, मग खाली—"

"तू नको," भाऊजी म्हणाले. रागाने नाही. नुसतं म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या बाजूला हात केला. "ऑपरेटरबाई, तुम्ही सांगा."

तिने हात धरला.  पायरी आहे, ती म्हणाली. आता दुसरी. ही जरा उंच आहे. भाऊजी प्रत्येक वेळी थांबून, तिचं वाक्य पुरतं संपल्यावरच पाय टाकत होते. नवरा चार पायऱ्या मागून एक अक्षर न बोलता उतरत होता. या वेळी त्याला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं.